म्हातारचळ नव्हे, आजार : मेंदूतील ‘टाऊ’ची ओळख



घरातले वडीलधारे माणूस एकच गोष्ट दहादा विचारू लागले, उसाचे बिल स्वतः आणूनही “मिळालेच नाही” म्हणून भांडू लागले, की आपण म्हणतो, “म्हातारा चळला.” पण दर वेळी हा वयाचा दोष नसतो. मेंदूचा आजारही असू शकतो.

जर्मनीत फ्रँकफर्ट येथे १९०१ साली डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ५१ वर्षांची एक बाई तपासली. तिची स्मरणशक्ती गेली होती, नवऱ्यावर ती संशय घेई. १९०६ मध्ये ती वारल्यावर डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींत धाग्यांचे गुंते आणि पेशींबाहेर साचलेला थर दिसला. गुंत्यातील मुख्य पदार्थ ‘टाऊ’ हे प्रथिन. त्याचा शोध १९७५ साली लागला. बाहेरचा थर ‘अमायलॉइड’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा.

टाऊ मुळात वाईट नाही. मेंदूच्या पेशीला लांब तंतू असतात. त्यातील बारीक नळ्यांवरून पेशीच्या मालाची ने-आण चालते. वाढ्याच्या बंधाने उसाची मोळी धरून ठेवावी, तसा टाऊ या नळ्यांना आधार देतो. आजारात टाऊवर स्फुरदाचे कण प्रमाणाबाहेर चिकटतात. (याचा शेतातील खताशी संबंध नाही.) मग बंध सुटतो, मोळी विस्कटते आणि सुटलेले बंध एकमेकांत गुंततात. अल्झायमरच्या आजारात हा गुंता बहुधा स्मरणाच्या भागाजवळ सुरू होऊन पुढे पसरतो. म्हणून जुने आठवते, पण सकाळचे जेवण आठवत नाही.

आजार मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही. तरीही हातात पुष्कळ आहे. रक्तदाब व मधुमेह ताब्यात ठेवावा, तंबाखू-विडी सोडावी, ऐकू कमी येत असल्यास यंत्र लावावे, चालणे व माणसांत मिसळणे चालू ठेवावे. डोक्याला वारंवार मार बसल्यानेही टाऊचे गुंते होतात. मोटारसायकलवर हेल्मेट घालावे.

मुख्य म्हणजे, विसर वाढला की डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचा दोष किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर उपचाराने फरक पडतो. आणि ज्यांनी आपला मळा उभा केला, त्यांना चारचौघांत हसू नये. ते मुद्दाम विसरत नाहीत.