लॅपटॉप बंद करण्याचा धडा



सातपुड्यातील आमच्या वसतिगृहात आपण दिलेल्या लॅपटॉपवर मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज तयार होतात. वीज केव्हा जाईल याचा येथे नेम नसतो. म्हणून टायपिंगच्या आधी मी मुलांना यंत्र बंद करायला शिकवतो. विंडोजमध्ये त्याचे तीन प्रकार आहेत.

१. स्लीप : काम मेमरीत राहते आणि थोडी वीज खर्च होतच राहते. जेवायला किंवा प्रार्थनेला उठताना हे ठीक आहे. पण बॅटरी संपली, तर सेव्ह न केलेले काम जाऊ शकते.

२. हायबरनेट : उघडे काम डिस्कवर लिहिले जाते, मग वीज जवळजवळ लागत नाही. वीज गेली आणि बॅटरी उतरू लागली, की मुले हेच निवडतात. मेनूत हे दिसत नसेल, तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून सुरू करता येते.

३. शट डाउन : रात्री किंवा प्रवासाआधी. प्रथम काम सेव्ह करून फाइली बंद करायच्या. बटण दाबून धरणे हा यंत्र अडकल्यावरचा शेवटचा उपाय. त्याने फाइल बिघडू शकते.

बॅटरी सेव्हर लावून पडद्याचा उजेड कमी केला, की बॅटरी जास्त वेळ पुरते.

दहा कुमारींच्या दाखल्यातील शहाण्या कुमारींनी तेल आधीच सोबत घेतले होते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी आमच्या मुलांना हा दाखला चांगला कळतो.

जुना लॅपटॉप पाठवताना चार्जर सोबत द्या, बॅटरी किती वेळ टिकते तेही कळवा, आणि या मुलांसाठी प्रार्थना करीत राहा.