युरोपचा करार आलाय? आधी मिनिटं विचारा

गणपतीत टोरंटोच्या आसपासच्या मराठी घरांत आरतीनंतर गप्पा रंगतात, तेव्हा अलीकडे एक वेगळी काळजी कानावर येते. मुलगा पहाटे पाचच्या सरावांना जाऊन मोठा झाला, ज्युनियर लीगमध्ये फॉरवर्ड म्हणून खेळला, आता विशीत आलाय, आणि एजंटने युरोपातल्या एका क्लबचा करार समोर ठेवलाय. सही करायला आठ दिवस दिलेत. मागच्या वर्षी अशाच एका आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, ही लीग चांगली आहे ना हो?"

मी तिला म्हटलं, लीगचं नंतर बघू. तुमचा मुलगा तिथे सामन्यात किती मिनिटं बर्फावर असणार, ते आधी विचारा.

आइस हॉकीचा सामना साठ मिनिटांचा. तिघा फॉरवर्डची एक लाइन, आणि अशा चार लाइन आळीपाळीने उतरतात. पहिल्या लाइनमधला फॉरवर्ड अठरा-वीस मिनिटं खेळतो, पॉवर प्लेलाही (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर बसलेला असताना) तोच असतो. चौथ्या लाइनमधल्याच्या वाट्याला कधीकधी सात-आठ मिनिटंही मुश्किलीने येतात. विशीतला मुलगा घडतो तो या मिनिटांत. स्वीडनच्या सर्वोच्च लीगचं नाव घरी कितीही भारी वाटलं, तरी तिथे तो बाकावर बसणार असेल, किंवा क्लबच्या वीस वर्षांखालच्या संघात परत पाठवला जाणार असेल, तर वर्ष वाया गेलं असंच मी म्हणेन.

आपल्या मुलांच्या बाबतीत यात आणखी एक पेच आहे, आणि एजंट तो क्वचितच उलगडून सांगतात. युरोपातल्या अनेक लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते. स्वित्झर्लंडमध्ये एका सामन्यात चारच परदेशी खेळवता येत, 2022-23च्या हंगामापासून ते सहा झाले. संघातल्या ज्या मुलाचे आजोबा इटलीहून किंवा जर्मनीहून आले, त्याला कदाचित त्या देशाचा पासपोर्ट मिळतो आणि त्या देशाच्या लीगमध्ये तो या मोजणीतून सुटतो. आपले आजोबा साताऱ्याचे किंवा नाशिकचे. त्यामुळे कॅनडाचा पासपोर्ट हातात असला तरी आपला मुलगा तिथे 'इम्पोर्ट'च ठरतो. आणि इम्पोर्ट फॉरवर्ड क्लब घेतो तो गोल करण्यासाठी. स्थानिक पोराला शिकायला दोन हंगाम मिळतात. इम्पोर्टला दहा सामन्यांत गोल जमले नाहीत, तर नाताळाच्या आत त्याच्या जागी दुसरा आलेला असतो. तिथल्या बऱ्याच लीगमध्ये तळाच्या संघाला खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याची टांगती तलवार असते, त्यामुळे प्रशिक्षकाकडे सबुरी कमी. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये ही भानगडच नाही, म्हणून इथल्या पालकांना तो दबाव डोळ्यासमोर येत नाही.

हे सगळं ऐकून घाबरायचं कारण नाही. जाऊन उत्तम जमल्याची उदाहरणं आहेत, पण ती नीट वाचायला हवीत.

एजंटच्या तोंडी पहिलं नाव असतं ऑस्टन मॅथ्यूजचं. तो वाढला ॲरिझोनात. जन्म 17 सप्टेंबर 1997चा, आणि 2015च्या एनएचएल ड्राफ्टसाठी (उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगच्या क्लबांकडून होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीसाठी) 15 सप्टेंबरच्या आतला जन्म हवा होता. दोन दिवसांनी संधी हुकली, पूर्ण एक वर्ष हाती उरलं. ज्युनियर किंवा कॉलेजचा रुळलेला मार्ग सोडून तो झुरिकच्या झेडएससी लायन्सकडे गेला. तिथे प्रशिक्षक होते मार्क क्रॉफर्ड, 1996 मध्ये कोलोरॅडोला एनएचएलचा स्टॅन्ली कप जिंकून देणारे. 36 सामन्यांत मॅथ्यूजने 24 गोल केले आणि पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये टोरंटोने त्याला सर्वांत आधी निवडलं. आता त्या आकड्यांमागे काय होतं ते पाहा. अठराव्या वर्षी 24 गोल करणारा मुलगा बाकावर बसलेला नव्हता. आई आणि बहीण त्याच्यासोबत झुरिकला राहायला गेल्या, वडील नोकरीसाठी ॲरिझोनात थांबले. शिवाय तो त्याच्या वयातल्या जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होता. आपल्या मुलाच्या बाबतीत यातलं काय काय खरं आहे, हे स्वतःशी प्रामाणिकपणे मोजायचं.

मला स्वतःला डेरेक रायनची वाट जास्त उपयोगाची वाटते. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचा हा मुलगा, अंगाने लहानसर, ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नाही. ज्युनियर संपल्यावर तो युरोपला धावला नाही. 2007 ते 2011 अशी चार वर्षं तो एडमंटनमध्ये अल्बर्टा विद्यापीठात शिकला आणि तिथल्याच संघातून खेळला. मग निघाला, तेही सर्वोच्च लीगकडे नाही. हंगेरीतला सेकेशफेहेरवारचा क्लब ऑस्ट्रियाच्या लीगमध्ये खेळतो. पहिला हंगाम तिथे. पुढचे दोन ऑस्ट्रियातल्या फिलाखमध्ये. प्रत्येक ठिकाणी तो मुख्य फॉरवर्ड होता. त्यानंतर स्वीडनच्या ओरेब्रोकडे, आणि 2014-15 मध्ये त्या लीगमध्ये सर्वाधिक गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) त्याचेच: 60. मग एनएचएलच्या कॅरोलिनाने करार केला. मार्च 2016 मध्ये एनएचएलचा पहिला सामना खेळला तेव्हा तो 29 वर्षांचा होता. 2024 मध्ये एडमंटनबरोबर तो स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीपर्यंत पोचला.

रायन युरोपला गेला चोविसाव्या वर्षी, शिक्षणाची चार वर्षं पदरात टाकून, आणि पायरीपायरीने. मुलगा विशीचा असताना घाई नेमकी कुणाला असते, हे बघा. बहुतेक वेळा ती मुलाला नसते.

थांबण्यातूनही वाट निघते. व्हँकुव्हरजवळच्या सरी भागातल्या अर्शदीप बैन्सला ड्राफ्टमध्ये कुणीच निवडलं नव्हतं. तो वेस्टर्न हॉकी लीग या मेजर ज्युनियर लीगमध्ये आणखी एक हंगाम राहिला, 2021-22 मध्ये 112 गुणांसह लीगमध्ये पहिला आला आणि व्हँकुव्हरने त्याला करार दिला.

आता कागदपत्रांकडे. पूर्वी कॅनडाच्या मेजर ज्युनियरमध्ये खेळलेल्या मुलाला अमेरिकेतल्या एनसीएए कॉलेज हॉकीचं दार बंद असे. नोव्हेंबर 2024 मध्ये नियम बदलला आणि 1 ऑगस्ट 2025 पासून ते दार उघडलं. ज्या मुलांसाठी ते उघडलंय, त्यांनी युरोपात व्यावसायिक करारावर सही केली तर ते पुन्हा लागण्याचा धोका आहे. मेजर ज्युनियरच्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळते, तिलाही मुदत आणि अटी असतात. आठ-नऊ महिन्यांच्या पगारासाठी चार वर्षांची फी हातची घालवू नका. लीगच्या शिक्षण विभागाला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवरच्या "काही होत नाही हो" वर विसंबू नका.

पगाराचा आकडा कर कापून हातात येणारा आहे की कर कापण्याआधीचा, हे करारात स्पष्ट हवं. अनेक क्लब राहायला घर आणि वापरायला गाडी देतात. दुखापत झाली तर ते घर किती दिवस, उपचारांचा खर्च कुणाचा, हंगामाच्या मध्यात करार तोडला तर किती पैसे मिळणार, हे विचारताना संकोच नको. चांगला क्लब अशा प्रश्नांनी नाराज होत नाही. सही मात्र त्या देशातला कायदा जाणणाऱ्या वकिलाने करार वाचल्यावरच.

खेळातला फरकही मुलाला ठाऊक हवा. युरोपात बरीच मैदानं 30 मीटर रुंद, इथली 26च्या आसपास. चार मीटर म्हणजे थोडंसं, असं वाटतं. पण कोपऱ्यातून गोलपर्यंतचं अंतर वाढतं, धक्काबुक्कीने पक मिळवणाऱ्या फॉरवर्डला धाप लागते, आणि पक स्वतःकडे राखून वाट पाहणारा तिथे फुलतो. मुलाच्या गेल्या दोन हंगामांच्या चित्रफिती त्याच्या आवडत्या प्रशिक्षकाऐवजी एखाद्या तिऱ्हाईत प्रशिक्षकाला दाखवा, आणि तो यातला कोणता आहे ते विचारा.

त्या आईला मी तीन कामं सांगितली. क्लबच्या गेल्या तीन हंगामांच्या याद्या काढायच्या: बावीस वर्षांच्या आतले किती परदेशी फॉरवर्ड आले, किती हंगाम संपेपर्यंत टिकले. त्यांतल्या दोघांना मुलाने स्वतः निरोप पाठवायचा. खेळाडू एकमेकांना खरं सांगतात. आणि प्रशिक्षकाशी व्हिडिओ कॉल. त्यात आईबाबा शेजारी बसले तरी बोलायचं मुलानेच. मला कुठल्या लाइनमध्ये बघता, पॉवर प्लेला उतरवणार का, पहिले दहा सामने गोल झाला नाही तर काय करणार?

तो कॉल एका रविवारी सकाळी झाला. प्रशिक्षक भला माणूस होता, त्याने सरळ सांगितलं की सुरुवातीला चौथी लाइन, पुढचं पुढे. मुलाने आभार मानले, फोन ठेवला आणि आईकडे न बघताच विचारलं, कॉलेजच्या अर्जाची शेवटची तारीख कधी आहे?