भुईमुगाच्या मुळावरील तांबडी गांठ

श्रावणांत भुईमुगाचें रोप हलक्या हातानें उपटून पाहिल्यास मुळांवर मोहरीएवढ्या गांठी आढळतात. त्यांतील एक नखानें फोडावी. ती आंतून तांबडी निघाली तर गांठ कामावर आहे असें समजावें. पांढरी असल्यास काम अद्याप सुरू झालेलें नाहीं, हिरवट असल्यास तें संपलें आहे. हा रंग कशाचा, हें कळण्यापूर्वीं तें काम काय हें पाहिलें पाहिजे.

हवेंत सुमारें ७८ टक्के नत्रवायु आहे, आणि नत्रावांचून कोणतेंही प्रथिन बनत नाहीं. तरी वनस्पतीस तो हवेंतून घेतां येत नाहीं. कारण त्याचे दोन अणु तिहेरी बंधानें एकमेकांस जखडलेले असतात. १९१३ सालीं जर्मनींत ओपाऊ येथें निघालेल्या कारखान्यांत तो बंध तोडण्यास ४०० अंशांहून अधिक उष्णता व १०० वातावरणांहून अधिक दाब लागे. तेथेंही मध्यस्थ लोहच होतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. गांठींत राहणारे ब्रॅडीऱ्हायझोबियम जंतु हेंच कार्य मातीच्या साध्या उष्णतेवर करितात, तें नायट्रोजिनेज या विकराच्या साहाय्यानें. विकर म्हणजे स्वतः न झिजतां रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन.

या विकराचीं अंगें दोन. पहिल्यांत लोहाचे ४ व गंधकाचे ४ अणु एका पुंजक्यांत बसविलेले असतात. तें फेरेडॉक्सिन नामक दुसऱ्या लोह-गंधकयुक्त प्रथिनाकडून एक इलेक्ट्रॉन घेतें, दुसऱ्या अंगास जाऊन चिकटतें, तो तेथें देतें आणि सुटून पुन्हां मागें येतें. प्रत्येक खेपेस एटीपी या शक्तिदायी द्रव्याचे २ रेणु खर्ची पडतात. नत्राच्या एका रेणूसाठीं अशा ८ खेपा, म्हणजे १६ एटीपी! दुसऱ्या अंगांत लोह, गंधक व मॉलिब्डेनम यांचा पुंजका असून त्याच्या मध्यभागीं कार्बनाचा एक अणु आहे, हें २०११ सालीं निश्चित झालें. तेथें नत्राचा अमोनिया होतो. मात्र ८ पैकीं २ इलेक्ट्रॉन हायड्रोजन वायु बनण्यांत जातात. हिशेबी मनुष्यास ही गळती वाटेल. परंतु हायड्रोजन सुटल्यावांचून नत्र विकरास चिकटत नाहीं, असें आतां बहुतेक संशोधक मानतात.

खरी अडचण निराळीच आहे. एटीपी बनविण्यास जंतूंना प्राणवायु हवा; पण प्राणवायूचा स्पर्श झाला कीं विकर कायमचें निकामी होतें. येथें वनस्पति मदतीस येते. ती गांठींत लेगहीमोग्लोबिन तयार करिते. आपल्या रक्तांतील हीमोग्लोबिनाचेंच तें भावंड. तें प्राणवायूस धरून जंतूंच्या दारापर्यंत थोडथोडा पोंचवितें, मोकळा फिरूं देत नाहीं. नखास लागलेला तांबडा रंग तो हाच. जंतूंना अन्न पुरविणें हेंही रोपाकडेच. म्हणून शेंगा पोसून पिकत आल्या कीं गांठींस साखर कमी पडूं लागते, तांबडा रंग हिरवट होत जातो आणि नायट्रोजिनेजचें काम थांबतें.