मूल बोलत नाही, तेव्हा

“त्याचे वडीलही उशिराच बोलले होते,” असे म्हणून आपण आईला धीर देतो. पण त्या धीरात मोलाची वर्षे निघून जातात. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, नावाने हाक मारली तरी पाहत नाही, किंवा येत असलेले बोलणे गेले, तर थांबू नये. प्रथम कान तपासावेत. उशिरा बोलणारे प्रत्येक मूल स्वमग्न नसते.

स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतील भिन्नता आहे. ती आईच्या हयगयीने होत नाही, मागील जन्माच्या पापानेही नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे (2013) पथक अंगणवाडीत येते; त्यांना शंका सांगावी. वर्ध्याचे जिल्हा रुग्णालय व सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालयही जवळच आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता व वाचा-भाषा दोष दोन्ही येतात. किमान 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र असल्यास 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो.

घरी मुलासमोर बसून छोट्या वाक्यांत बोलावे, वस्तू दाखवावी आणि उत्तरासाठी थांबावे. सभासदांना आम्ही एवढेच सांगू : मूल ओरडते म्हणून त्याच्या आईला कार्यक्रमातून उठावे लागू नये. तिला जागा द्यावी.