दुसरी स्टेपनी

ठाण्याच्या त्या निवृत्त जोडप्याने कॅम्पर व्हॅनमध्ये कुकर घेतला, मेतकूट घेतलं, पोळपाट-लाटणंही घेतलं. स्टेपनी मात्र एकच. ‘टायर नवे आहेत, उगीच जागा कशाला अडवायची?’ हे काकांचं वाक्य काकू आजही चारचौघांत म्हणून दाखवतात.

रस्ता होता कॅनडातला डेम्पस्टर हायवे. युकॉनमधल्या डॉसन सिटीपासून चाळीसेक किलोमीटरवर फुटणारा, इनुविकपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, जवळजवळ सगळा खडीचा. पहिला पंप ३६९व्या किलोमीटरला, ईगल प्लेन्सला. म्हणजे ठाण्याहून निघाल्यावर कोल्हापूर येईपर्यंत ना पंप, ना टपरी, ना मोबाइलला रेंज.

खडीतल्या शेल दगडाच्या कपच्या टायर चिरतात. पहिलं चाक दुपारी बसलं, दुसरं संध्याकाळी. जुलै असल्याने अंधार पडणार नव्हता, एवढीच सोय. पण डासांनाही तो उजेड मानवत होता. पाच तासांनी एक ट्रकवाला थांबला. काका फाटकी चाकं घेऊन त्याच्याबरोबर ईगल प्लेन्सच्या गॅरेजला गेले, काकू व्हॅनची दारं लावून बसल्या.

आता ओळखीतलं कुणी तिकडे निघालं, की काकांची उलटतपासणी सुरू. पूर्ण आकाराच्या दोन स्टेपन्या आहेत? जॅक स्वतः लावून पाहिलात? भाड्याचा करार वाचलात? बऱ्याच कंपन्या खडीवर गाडी न्यायला मनाई करतात. परवानगी मिळाली तरी टायर आणि काच विम्यात असतीलच असं नाही. सॅटेलाइट फोन हवाच. अस्वलावर मारायचा स्प्रे विमानात चालत नाही, तिथेच विकत घ्यायचा. पील आणि मॅकेंझी या नद्यांवर पूल नाहीत: उन्हाळ्यात फेरी, हिवाळ्यात बर्फावरून वाट, आणि बर्फ धरताना-वितळताना दोन्ही बंद. पाऊस लागला तर घाई नको, ओला रस्ता साबणासारखा होतो.

रस्त्याच्या नावाची हकीकत काकूंना परतल्यावर कळली. डिसेंबर १९१०मध्ये इन्स्पेक्टर फिट्झजेराल्डची चौघांची पोलीस तुकडी कुत्र्यांच्या गाड्या घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे निघाली. लवकर पोचायचं म्हणून शिधा कमी घेतला, वाटेत सोबत आलेल्या ग्विचिन वाटाड्यालाही परत पाठवलं. वाट चुकली, चौघेही मेले. मार्च १९११मध्ये त्यांचे मृतदेह शोधणारा कॉर्पोरल म्हणजे डेम्पस्टर.

ही गोष्ट सांगताना काकू ‘शिधा कमी घेतला’ इथे जरा थांबतात आणि काकांकडे बघतात. काका चहा आणायला उठतात.