वारा ऐकणे
शास्त्रभाग : योहान ३:१-८

निकदेमाला नव्या जन्माविषयी सांगताना प्रभूने वाऱ्याचा दाखला घेतला. मूळ ग्रीक भाषेत वारा व आत्मा ह्या दोहोंना ‘न्यूमा’ हा एकच शब्द आहे. वाऱ्याच्या आवाजासाठी तेथे जो शब्द आहे, तोच दहाव्या अध्यायात मेंढपाळाच्या वाणीसाठी आला आहे. म्हणून घटकाभर वारा ऐकत बसणे हा आळस आहे, असे आम्हांस वाटत नाही.

पण सुरतेत आपले किती तरी मराठी बांधव यंत्रमागावर काम करतात. त्या खडखडाटात वर्षे गेली की कान मंद होतात. त्यांना ‘ऐका’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? येथे उत्पत्ति ३:८ पाहावे. देव बागेत फिरतो ती वेळ इब्री भाषेत ‘दिवसाचा वारा’ ह्या शब्दांनी सांगितली आहे. तो वारा अंगालाही लागतो. (प्रत्येक झुळकेला मात्र पवित्र आत्मा म्हणू नये, एलीयाला परमेश्वर वाऱ्यात भेटला नाही. १ राजे १९:११.)

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना एखाद्या सायंकाळी डुमसच्या किनाऱ्यावर न्यावे. उपदेश करू नये. डोळे मिटून, दोन्ही कानांत वारा सारखा वाजेपर्यंत हळूहळू वळावयास सांगावे; मग तोंड वाऱ्याकडे झालेले असते. दिशा कळते, तो कोठून निघाला हे तरीही कळत नाही. मुलांच्या वडिलांनाही बरोबर घ्यावे. कान मंद असले तरी त्यांना हे दोन्ही गालांवरून साधते.