सांधा असा कर, की उघडता येईल

आष्टा, ता. वाळवा, जि. सांगली

चि. बाळास,



तुझं पत्र मिळालं. १९३० च्या सुमाराच्या घडणीची गिटार आपल्या हातानं करायची असं तू ठरवलंस, आणि त्यासाठी इथल्या आपल्या कामाच्या खोलीत जागा मागतोस. जागा दिली, हत्यारंही वापर. लाकूड कोणतं घ्यावं, जोडायचं कशानं, आणि गिटार जुनी दिसावी म्हणून रंग कसा द्यावा, हे तू विचारलं आहेस. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सविस्तर देतो. तिसरा प्रश्न मात्र तू सोडून द्यावास असं मला मनापासून वाटतं. का, ते आधी ऐक.

वाद्याचं खरं जुनेपण त्याच्या सांध्यांत असतं. ज्याचा प्रत्येक सांधा पुढच्या पिढीतल्या अनोळखी कारागिराला लाकूड न फोडता उघडता येतो, त्याला मी जुन्या चालीचं वाद्य म्हणतो. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या ज्या गिटारी आज वाजतात, त्यांतल्या बहुतेक मधे केव्हातरी कोणीतरी उघडल्या, पट्टी बसवली, दांडीचा कोन सुधारला आणि परत जोडल्या. पिवळट रंग आणि मुद्दाम पाडलेले ओरखडे आठवड्याभरात करता येतात. त्यानं गिऱ्हाईक फसेल, पण वाद्याचं आयुष्य एका दिवसानंही वाढणार नाही.

म्हणून गिटारीच्या फळीला रंधा लावण्याआधी तू मिरजेला जा. आष्ट्याहून सांगलीमार्गे तासाभराचा रस्ता आहे. तिथं सतारमेकर गल्लीत एखाद्या कारखान्यात बसायची परवानगी माग आणि निदान सहा महिने सुट्टीच्या दिवशी जात राहा. या गावातला वाद्यांचा धंदा कसा उभा राहिला ते लक्षात घे. फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू मूळचे शिकलगार, हत्यारं घडवणारे आणि धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांची मागणी ओसरली, तेव्हा ते तंबोरे आणि सतारी दुरुस्त करू लागले आणि त्यातूनच नवी वाद्यं घडवू लागले. आधी दुरुस्ती आणि मग घडण, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. दुसऱ्याचं मोडलेलं वाद्य उघडल्यावर ते कुठं थकतं, कुठला सांधा आधी सुटतो आणि कुठली फळी बसते हे कळतं. कोणताही नकाशा हे शिकवत नाही.

मिरजेला आणखी एक गोष्ट लाभली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब तिथं राहिले. १९३७ साली ते गेले, आणि मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणं होतं. असा सुराचा आग्रही माणूस गावात असला की कारागिराचा हात तयार होतो. तूही रोज वाजवणारा एक माणूस जवळचा कर. पहिली गिटार त्याच्या हाती दे, आणि तो जे नको म्हणेल ते मुकाट्यानं लिहून घे.

आता सरसाची गोष्ट. जुने गिटार करणारे जनावराच्या कातड्याचा सरस वापरत, आपल्याकडचे सुतारही तोच वापरत आले. रात्री भिजत घाल, सकाळी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून गरम कर, उकळी फुटू देऊ नकोस. साठ अंशांच्या आसपास तो कामाचा असतो. जोडायला एक-दोन मिनिटंच मिळतात, म्हणून शिकंजे आधीच जागेवर मांडून ठेव आणि एकदा कोरडी तालीम कर. वाळल्यावर हा सरस काचेसारखा कडक होतो, आणि ऊब व ओल दिली की पुन्हा सुटतो. बाजारातला डब्यातला आधुनिक गोंद वापरायला सोपा आहे, पण त्यानं जोडलेला सांधा उघडताना पुष्कळदा लाकूडच तुटतं. पॉलिशचंही तसंच. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापडाच्या बोळ्यानं पातळ पातळ चढव. ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा बोळा फिरवता येतो. जाड प्लॅस्टिकसारखा थर तबलीचं, म्हणजे वरच्या फळीचं, हलणं अडवतो, हेही ध्यानात ठेव.

लाकडाबद्दल. जुन्या अमेरिकी गिटारींची तबली स्प्रूसची असते, आणि ते झाड आपल्या भागात होत नाही. परदेशातून मागवण्याआधी मिरजेचे कारागीर ज्याची सतार-तंबोऱ्याची दांडी आणि तबली करतात त्या तुनीकडं बघ. तून महोगनीच्या कुळातलं आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकापासून तबलीसह सगळी महोगनीची गिटारही विकली जाई. ती साधी, स्वस्त, पण आवाजाला गोड आणि उबदार. तुझी पहिली गिटार तुनीचीच कर: तबली, पाठ, बाजू, दांडी, सगळं. हलकं लाकूड आहे, पटाशीला मऊ लागतं, आणि चुकलं तर खिशाला फार चटका बसत नाही. पडद्यांची पट्टी आणि घोडी मात्र शिसवीची हवी. तंबोऱ्याच्या खुंट्याही शिसवीच्या करतात, कारण ती झिजत नाही. ब्राझीलची शिसवी मिळेनाशी झाल्यावर १९७० च्या सुमारास मोठ्या अमेरिकी कंपन्या आपल्या दक्षिणेतल्या शिसवीकडं वळल्या. ब्राझीलच्या त्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून बंदी आहे, आणि २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या कुळावर निर्बंध आले. म्हणून पावती असलेलं लाकूडच घे. जुन्या खाटेचे शिसवी पाय कोणी मोडीत काढत असेल तर ते मिळवून ठेव. घोडीला तेवढं पुरतं.

हवेचं भान ठेव. आपल्याकडं मार्च-एप्रिलात लाकूड तडकतं आणि पावसाळ्याच्या तोंडी, भावईच्या उत्सवाच्या सुमाराला, हवा ओली झाली की फुगतं. तबली आणि तिच्या आतल्या पट्ट्या जोडायचं काम कोरड्या दिवसांतच कर. खोलीत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र टांग आणि चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मधे असेल तेव्हाच सरस गरम कर. पावसाळ्यात दांडी कोर, खुंट्या कर, हत्यारांना धार लाव.

आतल्या पट्ट्या हा या कामाचा जीव आहे. गिटारी करणाऱ्या अमेरिकी मार्टिन घराण्याचा मूळ पुरुष जर्मनीतल्या सुताराच्या घरातला. १८३३ साली तो न्यूयॉर्कला आला आणि पुढच्या दशकात त्याच्या कारखान्यात तबलीखाली दोन पट्ट्या फुलीसारख्या बसवायची पद्धत रुळली. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. पोलादी तारा आल्यावर ताण सत्तर ते ऐंशी किलोपर्यंत गेला, तरी ती फुली तो झेलत राहिली. १९३० च्या दशकात या पट्ट्या मधे खोलगट कोरून हलक्या करत, म्हणून त्या गिटारींचा आवाज मोकळा. १९४४ च्या सुमारास ते कोरणं थांबवलं, कारण लोक जाड तारा लावू लागले होते आणि तबल्या फुगू लागल्या. यातून घ्यायचं ते असं: पट्ट्या कोरणार असशील तर गिटारीबरोबर हलक्या तारा दे आणि गिऱ्हाइकाला त्याच लावायला सांग. एक गोष्ट जुन्यातून घ्यायची आणि तिचं कारण मागं ठेवायचं, असं करू नकोस.

तबलीची जाडी पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास धर, पण शेवटी बोटानं टकटक करून ठरव. पडद्यांचं गणित चुकवू नकोस. तारेची लांबी ६४५ मिलिमीटर असेल तर तिला १७.८१७ नं भाग. पहिला पडदा ३६.२ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानंच भागत जा. बारावा पडदा बरोबर मध्यावर आला पाहिजे. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, वाजवणारा ते सरकवून सूर नीट करून घेतो. गिटारीचे पडदे ठोकलेले. तिथं सुराची सगळी जबाबदारी करणाऱ्याची. घोडीतही असाच फरक. तंबोऱ्याची घोडी रुंद घासून जवारी काढतात, तार तिच्यावर घासत राहते आणि नाद पसरतो. गिटारीच्या घोडीवर तार एका कडेवरूनच सुटली पाहिजे, नाहीतर ती झणझणते. मिरजेत जवारी काढताना कानस कशी बेतानं फिरते ते बघून ये. काम उलटं असलं तरी हात तोच लागतो.

जुन्यातलं सगळंच उचलायचं नाही. हस्तिदंत आणि कासवाची पाठ कधीच नको. मिरजेनंही हस्तिदंताची जागा प्लॅस्टिकला दिली आणि तंबोऱ्याचं काही बिघडलं नाही. दांडीत पिळून सरळ करता येणारी लोखंडी सळई मात्र बसव. मार्टिन कंपनीनं ती १९८५ मध्ये घेतली, त्याआधीच्या त्यांच्या गिटारींत ती नव्हती. तरीही आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात दांडी वाकणारच, आणि तिला सरळ करता येणं ही दुरुस्तीचीच सोय आहे. जुन्या कारागिरांचा हेतू असाच होता.

शेवटचं नावाबद्दल. दांडीच्या टोकावर कुठल्याही विदेशी कंपनीचं नाव कोरू नकोस, तिच्या अक्षरांची नक्कलही नको. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मिरज या नावाची किंमत पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी वाढवली, म्हणून ते नाव राखणं कायद्यालाही मान्य झालं. तूही तबलीच्या आत, भोकातून दिसेल असं, आपलं नाव, आष्टा, साल, लाकूड आणि वापरलेला सरस लिहून ठेव. ज्याला पुढं ती उघडावी लागेल त्याला ते वाचून काय गरम करायचं हे कळेल.

तर बाळा, घाई करू नकोस. आधी मिरजेला जा, उस्तादांच्या पाया पड, झाडू मारायला सांगितलं तर तोही मार, आणि मोडकी वाद्यं हातात घे. मग तुनीची फळी घेऊन इकडं ये. जे वाद्य करशील ते दुसऱ्याला दुरुस्त करता येईल असंच कर. एवढं पाळलंस तर माझ्या दृष्टीनं तू कारागीर झालास.

तुझा,
मामा